हर्लिंगमधला कट

२ एप्रिल, बुधवार. झुइडासमधलं ऑफिस, लंच.
ऑफिसातला आयरिश डेक्लन, माझ्याशी उगाच गोड बोलणारा. म्हणाला, शनिवारी आमच्या हर्लिंग क्लबात नवख्यांसाठी खुला दिवस आहे, ये, बायकोलाही आण. आयर्लंडचा पारंपरिक खेळ. लाकडी बॅट, छोटा बॉल. एवढ्या ऑफिसात मीच का? पुण्यात मी सोसायटीचा ओपनर होतो, हे त्याला कुठून तरी कळलंय. पुढच्या महिन्यात त्यांची मॅच आहे.
ठराव : टीममध्ये जागा मिळवायचीच. पुण्याच्या ग्रुपवर ‘सिलेक्शन झालं’ टाकून दिलं. होणारच आहे.

५ एप्रिल, शनिवार
मला गोलकीपर केलं. पहिला बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर. बॅट वर उचलून सोडून दिला. अगदी पुस्तकी. गोल झाला. डेक्लन म्हणाला, अडवायचा असतो. हे आधी का सांगितलं नाही? दुसराही बाहेरचाच होता. सवय. तिसरा हेल्मेटवर.
बायको, मंजूषा, म्हणे कॉलेजात हॉकी खेळायची. इतक्या वर्षांच्या संसारात हे आज कळतंय! डेक्लन तिच्याशी बराच वेळ बोलत होता. विषय मीच असणार.

९ एप्रिल
मंजूषा संध्याकाळी उशिरा आली. बुटांना चिखल. विचारलं तर म्हणाली, “खेळायला गेले होते.” एवढ्या सरळ उत्तरामागे काहीतरी असतंच. कपाटात नवं हेल्मेट सापडलं. म्हणजे माझ्या वाढदिवसाचं सरप्राइज. घालून पाहिलं, कानांवर अडकलं. बदलून आणेल.

१२ एप्रिल
पाठ धरली. हाउसआर्ट्स बाईंनी, म्हणजे आमच्या डच फॅमिली डॉक्टरने, नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल सांगितली. त्याही सामील. प्रॅक्टिस रद्द. डावपेच म्हणून उत्तमच. प्रतिस्पर्ध्याला अंदाज येऊ नये.

७ मे
डेक्लन म्हणाला, रविवारी लवकर ये, तुझ्याशिवाय अडेल. आलं ना शेवटी बोलावणं!
वाढदिवस होऊन गेला. मोजे मिळाले.

११ मे, रविवार
पांढरा डगला दिला. वाटलं, कॅप्टनचा. मग गोलच्या खांबापाशी उभं करून दोन झेंडे हातात दिले. बॉल आडव्या दांडीवरून गेला तर पांढरा, खालून जाळीत गेला तर हिरवा. पंच! मॅच बायकांची. मैदानात मंजूषा. डोक्यावर तेच हेल्मेट.
आमच्या लेकीने, ऋताने, डगल्यातला माझा फोटो पुण्याच्या ग्रुपवर टाकला. तिथला मित्र कुशल विचारतोय, कंपाउंडर झालास का?
शेवटी शेवटी मंजूषाने बॉल असा हाणला की माझ्या शेजारून जाळीत. मनात म्हटलं, ऑफच्या बाहेर होता. तोवर हिरवा झेंडा वर गेला होता. हलवतच राहिलो. अखेर डेक्लनने हात धरून खाली घेतला.
फार आनंद झाला होता. मला. टीममध्ये नसताना.
याच्या मुळाशी जायला हवं.