खोलीचा आकडा वजा जाता

५ नोव्हेंबर
पिंप्राळ्याहून निघाले, धुळ्याहून रिक्षा केली आणि जेवणवेळेला गावात पोचले. कपडे एका पिशवीत, बाकी सगळा बोजा मीटरचा. दगडमातीत निसर्गतःच थोडा किरणोत्सर्ग असतो. इथला माणसाला बाधेल इतका आहे का, ते मोजायचं. जितका जास्त, तितकी मीटरची टकटक जास्त. लोटनआबांनी मळ्यातली खोली दिली. त्यांची सून दिपमाला, सातवा महिना असूनही, टेकडीच्या तांबूस मातीने भिंती-जमीन सारवून बसली होती. बाळंतिणीची खोलीही इथे याच मातीने सारवतात. आबांनी विचारलं, मशीन चावत तर नाही ना. छान माणसं आहेत.

१२ नोव्हेंबर
रोज आधी नुसत्या खोलीचा आकडा घ्यायचा, मग मातीच्या डबीचा. खोलीचा वजा केला की उरतो तो मातीचा. टेकडीच्या मातीत काहीच उरत नाही. आबांना सांगितलं, माती निर्धोक आहे. ते म्हणाले, ते आम्हाला ठाऊकच होतं.

१९ नोव्हेंबर
नमुने भट्टीत वाळवले की खमंग वास सुटतो. दिपमालाला मातीचेच डोहाळे. आज लाजत म्हणाली, "ताई, माले थोडीशी दे ना." दिली. निर्धोकच तर आहे. आता रोज येते, वाटी घेऊन.

२८ नोव्हेंबर
मीटर चुकून कपाशीत चालू राहिला. आकडा एकदम खाली. बिघडला म्हणून खोलीत आणला, तर वर. पुन्हा बाहेर, पुन्हा खाली.
खोली त्याच मातीने सारवलेली. मी मातीतून मातीच वजा करत होते.
चहा केला. प्यायले. काहीच वाटलं नाही.

३० नोव्हेंबर
खरा आकडा निघाला. तो इथे लिहवत नाही. आबांना सांगितलं, ते हसले. दिपमालाला माती बंद करायला सांगितली. तिने मान हलवली. ओठ तांबूस होते.

२ डिसेंबर
बाळ हलत नाही म्हणते. धुळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके आहेत. जरा वेगळे आहेत, एवढंच.
भीती वाटते. 

४ डिसेंबर
तिला कपाशीत नेलं, खोलीपासून लांब. मीटर माझ्याजवळ— गप्प. तिच्या हातापाशी— गप्प. पोटाशी धरला—
टकटक. थांबेचना.
तिने विचारलं, "ताई, बाळ बरं शे ना?" हो म्हणाले.
मीटर बंद केला. सेलही काढले. टकटक चालूच. पोटाला कान लावला, तर आतून—