पिएरीनाचं पांढरं अंगण

तोरीनो,
४ मार्च १९८६

ती. एवाझिओमामास,
सा. न. वि. वि.

आईची तब्येत तू रविवारी इथल्या इस्पितळात पाहिलीसच. काल मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की फुप्फुसाच्या आवरणाचा हा कॅन्सर ॲस्बेस्टॉसच्या धुळीचाच आहे, तीस वर्षांपूर्वीपासून श्वासातून आत गेलेल्या. उन्हाळा निघेल का, असं विचारलं तर ते चष्मा पुसत बसले.

मी ज्या वकीलसाहेबांकडे काम करते ते गावच्या ॲस्बेस्टॉस-पाईपच्या कारखान्यावर दावा लढवताहेत, हे तुला ठाऊक आहे. त्यात मी आईचं नाव घातलं. कामगारांची नावं हजेरीपटावर आहेत. आई मात्र त्या फाटकातून कधी आतही गेली नाही. कारखान्याचे वकील म्हणतात, बाईंना ही धूळ भेटली कुठे ते दाखवा. आमच्या अंगणात काय पसरलंय आणि ते कुठून आलं, हे सांगणारा एक माणूस साक्षीला हवा. बाबा गेले. उरलास तू. एकतीस वर्षं तू तिथं पाईप कापलेस.

साक्ष १२ मे रोजी आहे. खरं काय ते न्यायाधीशांसमोर मोठ्याने बोललं जावं, आणि आईच्या हयातीत जावं, एवढ्यासाठीच माझी धडपड आहे. उत्तर लगेच पाठव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
लोरेदाना


बोर्गो सान जेर्मानो,
१३ मार्च

चि. लोरेदानास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर तू, आपल्याकडे पदवी घेतली की डॉक्टरच, म्हणून गाव तुला डॉक्टरीणबाई म्हणतं, आणि अक्षर बघावं तर कोंबडीने उकरल्यासारखं! माझ्या द्राक्षवेली बांधायला आल्या आहेत, पाठ मोडून गेली. पिएरीनासाठी मऊ चीज पाठवलंय. तिला घासभर खायला लाव.

अंगणाचं म्हणशील तर ते पहिल्यापासून तसंच आहे. गावातली निम्मी अंगणं तशीच. कुणी टाकलं, कधी टाकलं, कोण लक्षात ठेवतं? पाद्रीबाबांना विचार, सगळ्यांची पापं तेच लक्षात ठेवतात.

म्हाताऱ्यावर लोभ आहे तेवढा असू दे.
एवाझिओमामा


तोरीनो,
२ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पाद्रीबाबांपर्यंत जायची गरज पडली नाही. गावच्या घरी आईच्या कपाटात तिच्या लग्नाचा फोटो सापडला. सगळं वऱ्हाड अंगणात नाचतंय आणि सगळ्यांचे काळे बूट घोट्यापर्यंत पांढरे झालेत. कोपऱ्यात तू, लग्नाच्या सुटात, हातात फावडं, आणि हसतोयस.

इस्पितळात दाखवला, तर आईने तो माझ्या हातातून ओढून उशीखाली ठेवला. म्हणाली, एवाझिओला यातलं काही विचारायचं नाही, दावा गेला खड्ड्यात. मी तिचा शब्द मोडून हे लिहिते आहे. मला तुझा राग येतो, आणि रागाची लाजही वाटते. पण मामा, कुणीच बोललं नाही तर आणखी किती पोरं असल्या अंगणांत चालायला शिकतील? मी तिथंच शिकले.

चीज आईने खाल्लं. अर्धं.

रागातही तुझीच,
लोरेदाना


बोर्गो सान जेर्मानो,
१० एप्रिल

चि. लोरेदानास,
अ. उ. आ.

ती भुकटी मीच आणली.

पाईप घासले की यंत्राखाली तिचा ढीग साचायचा. शनिवारी कारखाना ती कामगारांना फुकट द्यायचा, आम्ही रांगा लावायचो. तुझ्या बापाकडे सिमेंटला पैसे नव्हते. हातगाडीने सात खेपा केल्या आणि बहिणीला लग्नाचा आहेर म्हणून अंगण करून दिलं. पाणी मारून ती दाबावी लागते, आणि आमच्याकडे दाबायची रीत म्हणजे वर नाचायचं. साठ माणसं संध्याकाळपर्यंत नाचली. दगडासारखं झालं. पुढे दर ईस्टरला मी नवा थर द्यायचो. पिएरीना रोज झाडायची.

मला साधा खोकलाही नाही. रोज सकाळी मुद्दाम खोकून बघतो.

साक्षीला येईन. पण पिएरीना तिथे नको. तिच्यासमोर माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही.

जमलं तर लोभ ठेव.
एवाझिओमामा


बोर्गो सान जेर्मानो,
१४ मे

ती. एवाझिओदादास,
सा. न. वि. वि.

इस्पितळातून घरी आले आहे, पण मला धाप लागते, म्हणून मी सांगते आहे आणि लोरेदाना लिहिते आहे.

मी तिथे नको, अशी अट घातली होतीस म्हणे. मला कोण अडवणार? शेवटच्या बाकावर खांबाआड बसले होते. तुझा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. न्यायाधीशांनी विचारलं, भुकटी कुणी आणली? तू म्हणालास, मी. सगळं सांगितलंस, गाड्या, रांगा, नाच. आणि टोपी चढवून निघालास तो थेट बसमध्ये. लहानपणी काच फोडून पळायचास, अगदी तसाच.

पण साक्ष अर्धीच दिलीस, दादा. शेजारच्या दोमेनिकाचं अंगण पांढरंशुभ्र आणि माझं मात्र चिखलाचं, म्हणून महिनाभर तुझं डोकं कुणी खाल्लं? सहा खेपांनी भागलं असतं, सातवीला तुला कुणी पिटाळलं? फावडं टाकायला लावून तुला नाचात ओढलं ते कुणी? आणि कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यापुढे भुकटी नव्हती, दगडी फरशी होती, हे तर तू सांगितलंच नाहीस. आपण दोघं अडाणी होतो. ते नव्हते. हे सगळं मी लोरेदानाकडून लिहून घेतलंय, उद्या वकिलांसमोर सही करते. लिहिताना रडून पोरीने एक कागद वाया घालवला.

निकाल सप्टेंबरात आहे. तोवर मी थांबते की नाही, ते विचारू नकोस. रविवारी जेवायला ये. अंगणावर प्लास्टिक अंथरलंय, खालची भुकटी उचलून नेईपर्यंत तिथे कुणी पाऊल टाकायचं नाही, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. मागच्या दाराने ये, भाजीच्या वाफ्यांमधून.

तुझी पत्रं तिने मला वाचून दाखवली. उद्या सकाळपासून ते मुद्दाम खोकणं बंद.

अंगण चिखलाचं होतं तेव्हापासून लोभ आहे, तो तसाच आहे.
तुझी,
पिएरीना