दुसऱ्या प्रतीस चार दिवस रजा मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
भैरवकृपा सहकारी दूध संघ,
पारनेर, जि. अहमदनगर

विषय : अर्जदारास संगणकाची 'दुसरी प्रत' या कामातून मोकळे करून चार दिवसांची रजा देणेबाबत.
संदर्भ : संगणक बिघाड नियोजन तक्ता, दि. ३ ऑक्टोबर १९९६.

महोदय,

१. संदर्भीय तक्ता नगरच्या संगणकवाल्यांनी भरावयास दिला होता. संगणक बंद पडल्यास काम किती वेळात सुरू व्हावे, या प्रश्नापुढे आपण 'एक तास' लिहिलेत. किती दिवसांची माहिती गेलेली चालेल, यापुढे 'एकाही दिवसाची नाही'. माहितीची दुसरी प्रत कोठे ठेवणार, या प्रश्नापुढे मात्र फ्लॉप्या मागवण्याचा कंटाळा येऊन 'लेखनिक कारभारी साळवे, सर्व सभासद तोंडपाठ' असे लिहून सही ठोकलीत.

२. अर्जदारास अकराशे चाळीस सभासद म्हशींसकट पाठ आहेत, हे खरे. त्याची बढाई त्याने स्वतःच मारली होती, हेही नाइलाजाने खरे.

३. दुसरी प्रत संगणकाजवळ नसावी, या नियमाने अर्जदाराचे टेबल बर्फाच्या खोलीशेजारी गेले. प्रतीस इजा होऊ नये म्हणून त्याची सायकल जमा झाली. दर शनिवारी शिपाई बन्सी यादी घेऊन बसतो व "चारशे सात कोन, सांगा" असे विचारून प्रत शाबूत आहे का ते पाहतो. एकदा रंगुबाईंची म्हैस अर्जदाराच्या तोंडून गाय झाली, तेव्हा आपण डॉक्टर बोलावलात. तासाभरापलीकडच्या गावी जाण्यास तर बंदीच आहे.

४. देवळाली प्रवरा तासाभरात येत नाही. तेथे ५ जानेवारीस अर्जदाराच्या मुलीला, सीमाला, मुलगी झाली. रजेचे तीन अर्ज 'प्रत बाहेर नेता येत नाही' या शेऱ्यासह परत आले. सीमाने चिठ्ठीत लिहिले आहे, "आबा, तुमी आल्याबिगर नाव ठेवायचं न्हाई." त्यामुळे घरचे सगळे अजून बाळाला बाळच म्हणतात. अर्जदारास याचे फार वाईट वाटते.

५. सबब अर्जदाराने पदरमोड करून सहा फ्लॉप्यांवर सर्व माहिती उतरवली आहे. संगणकवाल्यांनी ती पुन्हा चढवून, यादीशी ताडून पाहिली. फ्लॉप्या आपल्या घरच्या कपाटात ठेवाव्यात. त्यांना रजा लागत नाही.

६. तोच तक्ता अर्जदाराने स्वतःपुरताही भरून पाहिला. किती दिवसांची माहिती गेलेली चालेल? नातीचे अडतीस दिवस गेले आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत कोणाकडेच नाही. शुक्रवारच्या पहिल्या एस.टी.ने जाऊ द्यावे, ही विनंती.

आपला नम्र व अद्याप शाबूत,
कारभारी भीमा साळवे
लेखनिक
दि. १२ फेब्रुवारी १९९७

सोबत : फ्लॉप्या सहा, पडताळणीचा दाखला, सीमाची चिठ्ठी (चिठ्ठी वाचून परत मिळावी).