उंबऱ्यातली खुंटी

प्रिय धाकटे,

हे पत्र घरी न धाडता तुझ्या कारखान्याच्या पत्त्यावर का धाडलं, ते शेवटी कळेल. मधलं सोडून शेवट वाचू नकोस, तुझी खोड मला ठाऊक आहे. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, चार यत्तांत याहून जास्त येत नाही. फोनच केला असता, पण तुझा फोन हल्ली आमचे जावईपाहुणेच उचलतात आणि 'ती कामात आहे' म्हणून ठेवून देतात. एवढं कसलं गं काम तुला?

आपल्या शिवणबाईंचं घर उघडलं. जिथं जिथं गाजलेले खून झाले त्या जागा पुन्हा दाखवायच्या, असला कार्यक्रम करणारे टीव्हीवाले आले होते. मालकाच्या किल्ल्या माझ्याकडे, म्हणून झाडलोटही माझ्याच गळ्यात. इतक्या वर्षांची जळमटं काढता काढता नाकी नऊ आले. शिवणयंत्राच्या पायांचे डाग फरशीवर अजून तसेच आहेत. तू जिथं बसून काजं करायचीस, तिथं खुर्च्या टाकून ते लोक चहा पीत होते. मी म्हटलं, उचला ते कप, इथं माणूस मेलंय. तर त्यांचा म्होरक्या, सदा टोपी घातलेला, म्हणतो कसा, "मावशी, हेच कॅमेऱ्यासमोर पुन्हा बोला ना!" मेल्याच्या टोपीला आग लागो.

दूधवाल्याच्या म्हाताऱ्या आईलाही आणलं होतं. बाईंच्या खुनापायी लेक जन्मठेप भोगतोय आणि ही रडली, तर म्हणे उजेड कमी पडला, परत रडा. ती परतही रडली. तिचं आपलं एकच पालुपद, माझा लेक पुढच्या दारात दूध घालून जायचा, मागचं दार त्याला माहीतच नव्हतं. कोर्टात कोण ऐकतंय? मागचं दार उघडं सापडलं आणि शेजाऱ्यांनी त्याला बोळात पाहिलं, एवढ्यावर निकाल. मी तेव्हा बाळंतीण, लांब सासरी, गावात परतले ते नंतर. मला सगळं ऐकूनच ठाऊक.

आणि त्या लोकांची गाडी कोणाची होती, सांग बरं? तुझ्या नवऱ्याची! तुला सांगून निघाले होते का? मी म्हटलं, काय पाहुणे, मेहुणीचं घर सोडून आधी खुनाच्या घरी? हसले. "भाड्याचा धंदा ताई, नेतील तिकडे जायचं." लग्नाच्या बोलणीत बाबांनी त्यांना विचारलं होतं, आमचं गाव कसं वाटलं? तेव्हा म्हणाले होते, आज पहिल्यांदाच पाहतोय. आणि तोवर बाईंना जाऊन वर्ष उलटलं होतं.

मग मागच्या दाराचा प्रसंग आला. दूधवाल्याचं सोंग घेतलेला नट दार उघडून बोळात पळणार, असं होतं. कडी निघाली, पण दार काही हलेना. नटानं ओढलं, टोपीवाल्यानं लाथ घातली, दोघांनी मिळून जोर लावला. मी कोपऱ्यात झाडू घेऊन गप्प. म्हटलं, होऊ दे फजिती. तुला आठवते ना ती उंबऱ्यातली खुंटी? बाई एकट्या राहायच्या म्हणून सुताराकडून बसवून घेतलेली, वर गोणपाट टाकलेलं. पायाच्या अंगठ्यानं दाबली की दार सुटायचं. आपल्या दोघींना दाखवली तेव्हा यंत्रावर हात ठेवायला लावून शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही. सुतार तर बाईंच्याही आधी गेला. गोणपाट मी झाडून पुन्हा जिथल्या तिथं टाकलं होतं.

तेवढ्यात पाहुणे आत आले. हातांत शूटिंगच्या दिव्याचा खांब, कपाळाला आठ्या, पुढच्या भाड्याची घाई. "सरका हो," म्हणाले, पायानं गोणपाट बाजूला सारलं, अंगठा दाबला आणि कोपरानं दार ओढलं. खाली बघितलंसुद्धा नाही गं. आपण आपल्या घरात दिव्याचं बटण दाबतो ना, तसं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जुनी दारं सगळीकडे सारखीच असतात, ताई." मी विचारलं होतं का काही? न विचारता उत्तर कशाला? जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. जाताना मात्र दोनदा विचारलं, धाकटीशी बोलणं होतं का तुमचं?

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. मी पराचा कावळा करत असेन, देव करो आणि तसंच असो. टीव्हीवर ते दार उघडताना सगळं जग बघेल आणि कोणाला काही कळणार नाही. कळेल ते तुला आणि मला. आणि आपल्याला कळेल, हे आता त्यांनाही कळलंय.

म्हणून हे पत्र. नवरा-बायकोत हजार गोष्टी निघतात. शपथ मोडून तू कधी त्यांना त्या खुंटीचं सांगितलं होतंस का? नुसतं ऐकलेलं माणूस वाकून शोधतं, असं माझं मन म्हणतं, पण त्याला गप्प बसवायला तुझं एक 'हो' पुरे. सांगितलं असशील तर दोन ओळी लिही, मी पाहुण्यांचे पाय धरून माफी मागेन. पण संसार सांभाळायला खोटं लिहू नकोस. ती म्हातारी रोज माझ्या दारावरून जाते, मला तिच्याकडे बघावं लागतं. आणि सांगितलं नसशील, तर काहीच लिहू नकोस. पोरीला शाळेतून उचल आणि तशीच ये, कपडे घ्यायलाही घरी जाऊ नकोस. तू आलीस की मी समजेन, आणि मग आपण दोघी आधी त्या म्हातारीकडे जाऊ. मागच्या दाराला मी कुलूप घातलंय. पुढचं दार तुझ्यासाठी नुसतं लोटून ठेवते.

तुझीच,
थोरली