चुलीवरचं कवेलू

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तेव्हा मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. आता वाचण्याचा प्रश्नच उरला नाही, म्हणून लिहितो आहे. रविवारची दुपार आहे. प्रताप नगरच्या घरात पंखा फिरतो आहे, सकाळच्या पूजेची फुलं अजून सुकलेली नाहीत, आणि मी थकलो आहे.

मी प्रयोगशाळेत काय करतो, हे तुला कधी नीट सांगता आलं नाही. बायका चुलीपुढे बसतात तेव्हा त्यांच्या गळ्याजवळ आम्ही एक लहानसा पंप लावतो. त्या श्वासात घेतात तीच हवा तो ओढतो आणि एका पांढऱ्या कागदातून गाळतो. भाकरी होईपर्यंत कागद तव्याच्या बुडासारखा होतो; त्यावरची काजळी आम्ही तराजूत तोलतो. मग त्यांना एका नळीत फुंकायला सांगून छातीत किती दम उरला आहे ते पाहतो. गावोगाव हेच करत माझे केस पिकले. यंदा ते सगळं परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आलं. तिकडून लेखाच्या प्रती मागणारी कार्डं येतात, आमचे साहेब ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. मी मान हलवतो आणि पुन्हा तराजूपाशी जाऊन बसतो.

त्या लेखात तू कुठेच नाहीस, पण सुरुवात तुझ्यापासूनच झाली. धरमपेठेतल्या डॉक्टरांकडे तुला आणलं तो दिवस मला दिसतो. तू बाकावर पदर सावरून बसली आहेस, बोलताना धाप लागते आहे. डॉक्टर विचारतात, "बाई, विडी ओढता का?" तू आधी माझ्याकडे पाहतेस, मग त्यांच्याकडे. "विडी? माह्या बापानंबी नाही ओढली जी." ते हसतात आणि खोकल्याचं औषध लिहून देतात. चुलीचं त्यांनी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. धूर हा काही आजार नव्हता, तो घरातलाच होता. पुढच्या हिवाळ्यात तू गेलीस.

तुझ्या लेखी तर धूर राखणदार होता. चुलीवर आढ्याला बियाण्याची कणसं टांगलेली असायची. धुरानं ती काळी पडत आणि कीड त्यांच्या वाटेला जात नसे. मी शाळेत असताना एकदा डोळे चुरचुरले, तेव्हा धूर बाहेर जावा म्हणून काठीनं चुलीवरच्या छपराचं कवेलू सरकवलं. तू फुंकणी खाली ठेवलीस. "कवेलू काहून सरकवलं गा? बियाले सोंडे लागले त मिरगात काय पेरशीन, तुही पाटी?" दादा पोट धरून हसला. मग तू आम्हा दोघांनाही बजावलंस की माझ्या चुलीवरच्या कवेलूला कोणी हात लावायचा नाही. मी ते विसरलो. दादानं गाठीशी बांधलं.

आता त्या चुलीपुढे वहिनी बसते. गेल्या महिन्यात गावी गेलो, तर विहिरीवरून येताना ती घागर खाली ठेवून मध्येच दगडावर बसली, तुझ्यासारखीच, गुडघ्यांवर हात टेकून. मी नळी नेली नव्हती. गरजही नव्हती. दादाला म्हटलं, कवेलू काढून धुराडं बसवू, बियाणं कडुलिंबाचा पाला घालून कोठीत ठेवू. लेख त्याच्या हातात दिला. त्यानं पानं उलटली. "इंग्रजीत हाये. चुलीले इंग्रजी कुठं समजते?" मग आवाज उतरवून म्हणाला, "तू शिकला, तुहं बरोबर असन. पण मायनं सांगतलं होतं. तिचा शबूद मी नाही मोडत."

निघताना वहिनी एसटीपर्यंत आली. "भाऊजी, तुमचं पुस्तक ह्यायच्या डोक्यात नाही जात. तुम्ही असं सांगा का माय सपनात आली होती, अन् म्हणे कवेलू काढा. एका दिवसात काढतीन."

"लबाड कसं बोलू वहिनी? अन् तेबी मायच्या नावानं?"

ती हसली आणि हसता हसता खोकत राहिली. "मंग मायलेच सांगा न. एकदा सपनात या म्हणा."

तेव्हापासून रोज देवाला हात जोडून तुला बोलावतो. स्वप्नं पडतात ती तराजूची, हरवलेल्या कागदांची. तू येत नाहीस. इतकी वर्षं पुराव्याशिवाय मी एक ओळ लिहिली नाही, माय, आणि देवापुढे उभं राहायचं म्हणून खोटंही बोललो नाही. दादाला पटेल असा पुरावा मात्र एकच आहे, आणि तो माझ्याजवळ नाही. आणि वहिनी रोज दोन्ही वेळा तिथेच बसते.

उद्याची रजा टाकली आहे. सकाळच्या एसटीनं गावी जाईन. हे पत्र देवघरात राहील. तू स्वप्नात आलीस असं सांगितलं, की दादा आधी विचारेल, मायनं लुगडं कोणतं नेसलं होतं. हिरवं सांगायचं ठरवलं आहे. तुझ्याजवळ हिरवं लुगडं होतं की नाही, ते मला आठवत नाही.