मीटरची पूजा

मखमलाबाद,
१३ ऑक्टोबर २००५

चि. भारत यास आशीर्वाद.

हा शब्द लिहायला हात धजत नव्हता. पण धाकट्या आतेभावाला पत्र लिहायचं तर सुरुवात अशीच करायची, हे तुलाही नि मलाही आईनंच शिकवलं. ती शेजारीच वाल सोलत बसली आहे. तिला वाचता येत नाही ते आज बरं वाटतंय.

इकडे सगळे ठीक. द्राक्षांच्या छाटण्या सुरू आहेत, माणसं मिळत नाहीत. नानांचा गुडघा दुखतो आणि ते डॉक्टरकडे जात नाहीत. आपल्या शेडमध्ये आता साध्या मातीत ढोबळी मिरची लावली आहे. पाण्यावर लेट्यूसचा पाला वाढवायचे ते पाइप शेडमागे पडलेत, त्यांत सरडे राहतात.

काल दसरा झाला. नानांनी पंप, विळे, मोटरसायकल सगळ्याला झेंडूचे हार घातले. हळदकुंकू मात्र कशालाच लागलं नाही. आई ताट घेऊन शेडच्या दारापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली. मी आत ये म्हटलं, तर म्हणाली, "नको रे बाबा. माझा हात लागला की इस्कोट व्हतो." वर्षभर तिचं हेच चाललंय. माझ्या स्नेहलचा शाळेचा कॅल्क्युलेटर टेबलावर असला तरी ती तिथं फडकं मारत नाही.

का, ते तुला ठाऊक आहे. तरी लिहितो.

गेल्या दसऱ्याला तिनं पाण्याचा पीएच मोजायचं आपलं मीटर कोयत्याशेजारी पाटावर मांडलं आणि त्याच्या काचेच्या टोकाला हळदकुंकू लावलं. अवजार म्हटल्यावर ती दुसरं काय करणार? पुढे पानं पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या. हॉटेलवाल्यांनी पहिलाच माल गाडीतून उतरवून परत दिला. तेव्हा तू त्यांच्यासमोर, नानांसमोर, चार गड्यांसमोर म्हणालास, "मामी, तुमच्या हळदीकुंकवानं मीटर गेलं. मीटर खोटं बोललं नि पीक मेलं." आई तिथंच खाली बसली. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं, कारण काचेवर पिवळा डाग दिसत होता.

आता मी हे पत्र का लिहितोय ते.

गणपती उठल्यानंतरच्या रविवारी गंगापूर रोडच्या हॉलमध्ये तुझं बिनमातीच्या शेतीचं शिबिर होतं. मी आलो होतो, शेवटच्या रांगेत होतो. तू छान बोलतोस. आपल्या विहिरीचं पाणी कसं, त्यात अ‍ॅसिड का घालायचं, पीएच सहाच्या आसपास नसला तर मुळांना लोह का मिळत नाही, सगळं पोरासोरांना कळेल असं सांगितलंस. मग मामीच्या हळदीकुंकवाची गोष्ट सांगितलीस. तिच्यासारखा डोक्यावर पदर घेऊन मीटरला ओवाळूनही दाखवलंस. अख्खा हॉल हसला. माझ्या शेजारच्या माणसानं तर डोळे पुसले.

तरी मी उठून गेलो नाही. म्हटलं, बोलायच्या भरात होतं. चहाच्या वेळी तुझ्या पाठीमागे रांगेत उभा राहिलो, भेटावं म्हणून. तू तिथं मीटर विकायला आलेल्या माणसाला सांगत होतास, "गिऱ्हाईक यायच्या आधी हा स्क्रू थोडा पिळायचा, की पाहिजे तो आकडा येतो. मामाच्या शेडमध्ये अ‍ॅसिड संपलं होतं, आणायचा कंटाळा आला. हॉटेलवाले बघायला येणार होते, दिला सहावर आणून. पुन्हा फिरवायचं राहिलंच. बरं झालं, दसरा आला."

बरं झालं, दसरा आला.

हातातला वडा मी तसाच टाकून दिला. भारत, तुला मारावंसं वाटलं नाही. तुझ्या अंगाला हात लावायचीच शिसारी आली. आत्या गेल्यावर जिनं तुला स्वतःच्या ताटातलं भरवलं, तिच्या कपाळाला तू हा डाग लावलास आणि आता त्याच्यावर टाळ्या घेतोस. पीक गेलं त्याचं मला काही नाही. कंटाळा आला होता एवढं त्या दिवशी म्हणाला असतास, तरी आईनं तुला चहा करून दिला असता.

घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भारत आसं करायचा नाय. तू जळतो त्याच्यावर, ल्हानपणापासून." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझं ती ऐकणार नाही. ती फक्त तुझंच ऐकेल.

म्हणून तू ये. नानांसमोर, गड्यांसमोर, जिथं बोललास तिथंच उभा राहा आणि स्क्रू कुणी फिरवला ते तिला सांग. पत्रानं, फोनवर चालणार नाही.

सोबत आपट्याचं पान आहे. ते माझ्याकडून नाही. काल सोनं वाटून झाल्यावर आईनं हे एक पान पदराला पुसून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "भारतला धाड. म्हणावं, मामीचं चुकलं, पोरा. राग नको धरू."

मला ते पाकिटात घालायचं नव्हतं. पण तिनं सांगितलंय म्हणून घालतो आहे. येशील तेव्हा हे पान घेऊन ये, आणि तुझ्या हातानं तिला परत दे.

तिचा,
गोरक्ष