पालथ्या ताटल्यांची हकिगत

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे मी सोडून सगळे. तुमचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही मामी खोलीत असतील तेवढा वेळच करता, असं मामींनीच कळवलंय. त्यांनाही नमस्कार सांगा. पत्र त्यांना वाचून दाखवायला हरकत नाही, फक्त धाकटीला नावं ठेवलेला भाग गाळा (म्हणजे मायना आणि सही उरेल).

पत्राला कारण असं काही नाही. सहज आठवण आली म्हणून लिहायला बसलो. पण आता धाकटीचा विषय निघालाच आहे (निघाला नाही, मीच काढला), तर तुमची ही लाडकी भाची हल्ली काय करते ते तुम्हाला कळायला हवं. आणि तिने कळवलं असेलच, तर माझ्याकडूनही कळायला हवं.

तुम्हाला ठाऊक आहे, गेली सव्वीस वर्षं मी शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढतो. बेडकाची पचनसंस्था मी इतक्या वेळा काढली आहे की बेडकालाही स्वतःचं जठर इतकं पाठ नसेल. आता ती कामं संगणकावर होतात. म्हणून मी एक वही केली. हल्ली विज्ञानाच्या संस्थांना एकाएकी कलावंत हवेसे झाले आहेत. मधमाश्यांवर काम करणाऱ्यांना शिल्पकार हवा होता, कुठे पेशींच्या हालचालींवर नाच बसवणारं कोणी हवं होतं, आणि एका रक्तपेढीने तर कवी मागवला होता (रक्तपेढीत कवी काय देणार, मला माहीत नाही). अशा सगळ्या जाहिराती मी कापून वहीत चिकटवत होतो. त्यातच आमच्या शहराबाहेरच्या संशोधन संस्थेची जाहिरात होती: प्रयोगशाळेत बसून काम करायला एक चित्रकार, मुदत सहा महिने. ती वही मी मोठ्या कौतुकाने धाकटीला दाखवली. मामा, एवढा शहाणपणा मी आयुष्यात दुसऱ्यांदा करणार नाही.

मी बेचाळीस आकृत्या पाठवल्या. तिने भरतकाम केलेला एक रुमाल पाठवला. जागा तिला मिळाली. मला उत्तर आलं की आपलं काम अत्यंत अचूक आहे, परंतु अचूकतेसाठी आमच्याकडे यंत्रं आहेत. मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि धाकटीचं अभिनंदन करायला गेलो. अभिनंदन करताना माझा चेहरा कसा दिसत होता, ते बायकोने घरी आल्यावर करून दाखवलं.

हेवा वाटला, दुसरं काय. तिच्या भरतकामाचा मला कधी वाटला नव्हता, कारण ते भरतकाम होतं. पण प्रयोगशाळा माझी होती. पेशीची भित्तिका कुठे संपते आणि पटल कुठे सुरू होतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. तिला शाळेत जीवशास्त्रात मीच आकृत्या काढून दिल्या, म्हणून ती पास झाली.

पुढे तीन महिन्यांनी तिने मला काम बघायला बोलावलं. अंगात पांढरा डगला चढवला, त्याच्या बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे. कपाटात उबेला ठेवलेल्या सोळा काचेच्या ताटल्या तिने दाखवल्या. त्यांत खळीसारखा थर असतो आणि त्यावर रंगीत जिवाणू वाढतात. तिने बारीक तारेने एकेक टाका घालावा तसे ते पेरले होते. वाढले की सोळा ताटल्या मिळून एक मोठं पान होणार, शिरांसकट. इतकं सांगून ती हातमोजे आणायला गेली आणि दारात कोणाशी तरी बोलत उभी राहिली (उभ्या उभ्या तासभर बोलण्याची तिची सवय तुम्हाला माहीत आहे).

मी नीट पाहिलं, तर सगळ्या ताटल्या पालथ्या. झाकण खाली, बूड वर. एखादी असती तर मी सोडून दिलं असतं, पण सोळाच्या सोळा! म्हटलं, ही बया इथेही तशीच गबाळी. घरात तिरकी तसबीर दिसली तर मला घास उतरत नाही, तिथे हे कसं बघवणार? मी एकेक ताटली उचलून सुलटी केली, कडेला कड लावली, कपाट बंद केलं आणि डगल्याच्या बाह्यांत हात लपवून उभा राहिलो. मोठा भाऊ म्हणून आपलं कर्तव्य केलं, असं समाधानसुद्धा वाटलं. ती परतली तोवर जेवणाची वेळ झाली होती, कपाट तिने उघडलंच नाही.

मामा, त्या पालथ्याच ठेवायच्या असतात. उबेने झाकणाला घाम धरतो आणि ताटली सुलटी असली की तो थेंब थेंब खाली चित्रावर पडतो. हे मला नंतर एका पुस्तकात वाचून कळलं. त्या पुस्तकातल्या ताटलीची आकृती मीच काढलेली होती.

दोन दिवसांनी धाकटीचा फोन आला. टाके फुटले होते, लाल पिवळ्यात उतरला होता, जांभळा भलतीकडेच निघाला होता, पान पार ओघळलं होतं. पण ती पुढे म्हणाली की संस्थेच्या संचालकबाई त्यापुढे अर्धा तास उभ्या होत्या. जे जिवंत आहे ते आखल्याप्रमाणे वागत नाही, हे इतकं स्पष्ट त्यांनी कधी पाहिलं नव्हतं म्हणे. तिची मुदत एक वर्षाने वाढली. संस्थेच्या प्रदर्शनाच्या दालनात त्या सोळा ताटल्यांचे भिंतीएवढे फोटो लागले. उद्घाटनाला लोक त्या ओघळांपाशीच थांबत होते, आणि मी कोपऱ्यात थंड चहा पीत उभा होतो. सांगावं, तर प्रयोगशाळेत नासधूस करणारा ठरणार. न सांगावं, तर आयुष्यात पहिल्यांदा मी केलेली न आखलेली गोष्ट तिच्या नावावर. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललेलो नाही. तिला कारण माहीत नाही.

बाकी क्षेम. प्रकृतीला जपा.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. त्या संस्थेत चित्रकाराची आणखी एक जागा निघाली आहे. या वेळी मिळाली नाही तर मी पुन्हा अर्ज करणार नाही, बेडूकच काढत बसेन. अर्जाला तिथे काम केलेल्या कोणाची तरी शिफारस लागते आणि मी तिथे ओळखतो अशी एकच व्यक्ती आहे. ती तुमचं ऐकते. तुम्हीच तिला फोन करा, पण हे तुम्हाला आपणहून सुचलं असं दाखवा. ताटल्यांबद्दल मात्र चकार शब्द काढू नका. मुदत शुक्रवारपर्यंत.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात धाकटी आली. शिफारसपत्र लिहून, सही करूनच आणलं होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "दादा, त्या ताटल्या तू सुलट्या केल्यास हे मला दोन दिवसांनी कपाट उघडलं तेव्हाच कळलं. कडेला कड लावून ठेवणारा आपल्यात दुसरा कोण आहे? तू सांगशील म्हणून वाट बघत होते." तेव्हा वरची विनंती रद्द समजा. आतापर्यंत मला तिच्या जागेचा हेवा वाटत होता, आता तिच्या मोठ्या मनाचाही वाटतो. हे जास्त जड जातंय.

ता. क. ३. जाता जाता तिने एक सांगितलं. तसे ओघळ पुन्हा आणायला तिने अकरा वेळा मुद्दाम ताटल्या सुलट्या करून पाहिल्या, पण नुसता चिखल होतो. येऊन करून देशील का, म्हणून विचारत होती. तिला जमलं नाही हे ऐकून मला किती बरं वाटलं, ते मामींना वाचून दाखवू नका. मी अजून होकार दिलेला नाही. उद्या सकाळी देणार आहे. आजचा दिवस तिला वाट बघू दे.